संशयाचा फायदा कुणाला?

१५ जून १९८५ रोजी धरमवीर सिंग नावाचे तरुण लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या वेळी झालेल्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्या कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नव्हती. १ एप्रिल १९९४ रोजी, जवळपास नऊ वर्षांच्या नोकरीनंतर, अपस्माराच्या कारणावरून त्यांना घरी पाठवण्यात आले. सैनिकांच्या भाषेत ते 'बोर्डआउट' झाले. मेडिकल बोर्डाने त्यांचे अपंगत्व २० टक्के आणि कायमस्वरूपी ठरवले. मात्र या आजाराचा लष्करी सेवेशी संबंध नाही, असा शेराही त्याच बोर्डाने मारला. तो का मारला, याचे कारण बोर्डाने लिहिले नाही.

या शेऱ्याने त्यांचे निवृत्तिवेतन गेले. अलाहाबादच्या लष्करी निवृत्तिवेतन लेखा कार्यालयाने दावा फेटाळला. उच्च न्यायालयात एकसदस्यीय पीठाने तो मान्य केला, मग द्विसदस्यीय पीठाने पुन्हा नाकारला. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बोर्डआउट झाल्याला तेव्हा एकोणीस वर्षे उलटून गेली होती.

हा निकाल आज लष्करी अपंगत्वाच्या प्रत्येक खटल्यात पुढे ठेवला जातो. तरीही त्यात न्यायालयाने नवा कायदा घडवला नव्हता. सरकारनेच १९८२ साली केलेले नियम त्याने सरकारला वाचून दाखवले. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही, तो सैनिक त्या वेळी शरीराने आणि मनाने सुदृढ होता असे धरायचे, हा त्यातला पहिला नियम. पुढे वैद्यकीय कारणाने त्याला काढले, तर त्याची प्रकृती सेवेमुळे बिघडली असे धरायचे, हा दुसरा. आणि तिसरा सर्वांत महत्त्वाचा: आपला हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर टाकायची नाही, रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि तो मोहिमेच्या भागात (फिल्ड) किंवा जहाजावर असेल तर अधिक उदारपणे द्यायचा. आजार भरतीच्या तपासणीत दिसणे शक्यच नव्हते, असे डॉक्टरांना वाटत असेल तर त्यांनी तसे कारण देऊन लिहायचे. नियम इतके स्पष्ट होते. तरीही त्यांच्या अंमलासाठी हजारो सैनिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. या सगळ्या वादाच्या मुळाशी वैद्यकशास्त्राचा प्रश्न फार थोडा आहे. खरा प्रश्न असा आहे की ज्या गोष्टीचे उत्तर कुणालाच नेमके ठाऊक नाही, तिचा भार कुणी सोसायचा.

गोळी लागली, सुरुंगावर पाय पडला, बर्फात बोटे गेली, तर त्या घटनेला तारीख असते, जागा असते, साक्षीदार असतात. रक्तदाबाचे तसे नाही. मधुमेह, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, अपस्मार, दमा, मणक्याचे दुखणे, मनोविकार हे आजार शरीरात वर्षानुवर्षे मुरत जातात. त्यांच्या सुरुवातीची तारीख रुग्ण सांगू शकत नाही आणि डॉक्टरही सांगू शकत नाही. कागदावर येते ती आजार सापडल्याची तारीख. नियमांचे पालन करताना यंत्रणा मात्र या सापडल्याच्या तारखेलाच आजार सुरू झाल्याची तारीख मानते, आणि त्या दिवशी सैनिक कुठे तैनात होता एवढेच पाहते.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. लष्करी डॉक्टरांसाठी निवृत्तिवेतनविषयक एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. २००२ साली ती निघाली, २००८ मध्ये सुधारली गेली. प्राथमिक उच्च रक्तदाब किंवा टाइप-२ मधुमेह सैनिक फिल्ड भागात, अतिउंचीवर, बंडखोरीविरोधी मोहिमेत किंवा दीर्घकाळ जहाजावर असताना उद्भवला, तर तो 'सेवेमुळे वाढलेला' मानावा, असे तिच्या २००८ च्या आवृत्तीत म्हटले आहे. सेवेतला ताण मधुमेहाला निमित्त ठरू शकतो किंवा असलेला मधुमेह हाताबाहेर नेऊ शकतो, हेही तीच आवृत्ती मान्य करते. हृदयविकाराच्या बाबतीत झटक्याआधीच्या १४ दिवसांत सैनिकाने कोणती कामे केली याची यादी तपासली जाते.

आता निवृत्तीच्या वेळचा कागद डोळ्यांसमोर आणा. रिलीज मेडिकल बोर्डाचा छापील नमुना असतो. त्यात आधी सेवेतल्या नेमणुकांचा तक्ता येतो: कुठून कुठपर्यंत, कोणते ठिकाण, फिल्ड की पीस (शांततेची छावणी). एखाद्या सतरा-अठरा वर्षे नोकरी केलेल्या नायकाच्या तक्त्यात सियाचीन असेल, कुपवाडा असेल, मणिपूर असेल, आणि शेवटच्या ओळीत देवळाली किंवा बेळगाव. पुढच्या रकान्यात आजाराचे नाव, तो कधी आणि कुठे सुरू झाला. तिथे शेवटच्या पीस स्टेशनचे नाव येते. मग प्रश्न: सेवेमुळे झाला का? उत्तर 'नाही'. सेवेमुळे वाढला का? 'नाही'. कारणाच्या रकान्यात एक ठरलेली ओळ टाइप केलेली असते: आजार शारीरिक प्रकृतीचा, सुरुवात पीस भागात, म्हणून सेवेशी संबंध नाही. शेकडो फायलींमध्ये ही ओळ जवळपास जशीच्या तशी आढळते. ज्या तक्त्यावर पंधरा वर्षांची फिल्ड सेवा लिहिली आहे, त्याच कागदाच्या तळाशी ती ओळ असते, आणि तक्त्याचा तिच्याशी काहीही संबंध जोडलेला नसतो.

पीस स्टेशनवर आजार सापडतो तो बऱ्याचदा तिथे दवाखाना असतो म्हणून. सैनिक सुट्टीवरून, मोहिमेवरून परत आलेला असतो, तपासणीला वेळ मिळालेला असतो, रक्ताची चाचणी त्याच दिवशी होऊ शकते. तिथे सापडले म्हणून तिथेच सुरू झाले, हा तर्क टिकणारा नाही. शिवाय पीस म्हणजे आराम, ही समजूतही खरी नाही. युनिट पीसला आले की प्रशिक्षण, सराव, परीक्षा, निवडणुकीचा बंदोबस्त, पुराच्या वेळची मदत हे सगळे सुरू होते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात उतरलेल्या जवानांना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात हेच म्हटले. आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर झाली, एवढे कारण नकारासाठी पुरेसे नाही. आजार सेवेमुळे नाही असे बोर्डाचे म्हणणे असेल, तर मग तो कशामुळे झाला हे बोर्डाने दाखवून द्यावे. त्या प्रकरणातला सैनिक बोर्डआउट झालेला नव्हता, दीर्घ सेवा करून निवृत्त झालेला होता. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने त्याला दिलेला लाभ न्यायालयाने कायम ठेवला आणि सरकारची याचिका फेटाळली.

पैशांचा हिशोब इथे सांगितलाच पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला हा वाद लाखोंचा वाटतो. अपंगत्वाच्या भागाचा ठरलेला दर असा आहे: अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. समजा, माण तालुक्यातला एक नायक सतरा वर्षांनी निवृत्त झाला, शेवटचे वेतन ५०,००० रुपये, आणि मधुमेहाचे अपंगत्व बोर्डाने २० टक्के ठरवले. त्याला मिळायचे ते महिन्याला ३,००० रुपये. १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यात नेण्याची सोय आहे: ५० च्या आतली ५० धरायची, ५० ते ७५ मधली ७५, त्यापुढची १००. ती मिळाली तर ३,००० चे ७,५०० होतात. सरकार ही सोय फक्त बोर्डआउट झालेल्यांना देत असे. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. जन्मभर इन्सुलिन, दर तीन महिन्यांची चाचणी, पायाच्या जखमेची काळजी, डोळ्यांची तपासणी, हे सगळे समोर ठेवून ही रक्कम वाचावी.

बोर्डआउट झालेल्याचे नुकसान याहून मोठे. शिपायाला साधे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. आजार सेवेशी संबंधित मानला नाही, तर फक्त अशक्तता निवृत्तिवेतन उरते, आणि त्यालाही दहा वर्षांची अट होती. नवव्या वर्षी घरी आलेल्याच्या हातात एकरकमी रक्कम आणि डिस्चार्ज बुक यांखेरीज काही पडत नसे. ही दहा वर्षांची अट सरकारने २०२० मध्ये शिथिल केली आणि ती सवलत ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरती ठेवली. त्याआधीच्या पिढ्या तशाच राहिल्या.

या व्यवस्थेच्या बाजूने जे बोलले जाते, त्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. मधुमेह आणि रक्तदाब नागरी जीवनातही घरोघरी आहेत. गावातला शिक्षक, बँकेतला कारकून, एसटीचा चालक यांनाही ते होतात आणि त्यांना कुणी भरपाई देत नाही. मग सैनिकाच्याच आजाराला सेवा जबाबदार का धरायची? शिवाय गैरवापराचाही मुद्दा आहे. महालेखापालांच्या २०२३ मध्ये संसदेसमोर आलेल्या अहवालात नोंद आहे की २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के जण अपंगत्वाचा लाभ घेऊन बाहेर पडले. जवानांमध्ये आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १५ ते १८ टक्के होते. या आजारांमध्ये जीवनशैलीशी जोडलेल्या रक्तदाब-मधुमेहाचा वाटा मोठा होता.

हा आकडा खुद्द सैनिकांच्या हितचिंतकांनीही गंभीरपणे घ्यायला हवा. बर्फात पहारा शिपाई देतो, खंदक तो खणतो, ओझे तो वाहतो. मग अपंगत्वाचा लाभ अधिकाऱ्यांकडे दुपटीने का जावा? अधिकारी वयाने मोठे होऊन निवृत्त होतात, हे एक कारण आहे. पंचेचाळिशीनंतर रक्तदाब वाढतोच. पण नियम ठाऊक असणे, लष्करी डॉक्टरशी बरोबरीने बोलता येणे, योग्य वेळी योग्य तपासणी करून घेणे, हेही कारण आहे, आणि ते दडवून चालणार नाही. कुणी निवृत्तीच्या तोंडावर किरकोळ दुखणे फुगवून दाखवत असेल, तर ती शिपायाच्या ताटातली चोरी आहे.

प्रश्न एवढाच की त्यावर उपाय काय. सरकारने अनेकदा निवडलेला उपाय म्हणजे दार सगळ्यांसाठीच अरुंद करणे. त्यातून नियम जाणणारा वाट काढतो आणि न जाणणारा बाहेर राहतो. गैरवापर थांबवायचा तर बोर्डाने प्रत्येक प्रकरणात स्वतंत्र, तपशीलवार कारण लिहिले पाहिजे: या माणसाची सेवा अशी, वजन असे, घरातला इतिहास असा, म्हणून हा निष्कर्ष. असे कारण लिहिले की खोटा दावा तिथेच उघडा पडतो आणि खरा टिकतो. ठरलेली एक ओळ दोघांनाही सारखीच लागू होते, म्हणून तिने कुणाचेच सत्य बाहेर येत नाही.

आणि नागरी जीवनाशी तुलनेचे काय? शिक्षकाला रक्तदाबाचे निदान झाले तर त्याची नोकरी जात नाही. सैनिकाला 'लो मेडिकल कॅटेगरी' लागते, बढती अडते, मुदतवाढ मिळत नाही, कधी पस्तिशीतच घरी यावे लागते. ज्या शरीराची अट घालून त्याला घेतले, ते शरीर बिघडल्यावर तीच संस्था त्याला सोडते. शिक्षक रजा घेऊ शकतो, राजीनामा देऊ शकतो. सैनिकाला वर्षातले दहा महिने घरापासून दूर राहायचे की नाही, हे ठरवता येत नाही. झोप किती घ्यायची आणि कोणत्या उंचीवर घ्यायची, हेही त्याच्या हाती नसते. जीवनशैली निवडण्याचा अधिकारच ज्याच्याकडे नाही, त्याच्या आजाराला जीवनशैलीचा आजार म्हणून बाजूला सारणे न्याय्य नाही. १९८२ च्या नियमांत शंकेचा फायदा सैनिकाला दिला आहे तो दया म्हणून नव्हे. त्याच्या आयुष्यावरचा ताबा राज्यसंस्थेकडे होता म्हणून.

ही कल्पना भारतात अचानक उगवलेली नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या शाही फर्मानाने, निवृत्तिवेतनाच्या दाव्यात सिद्धतेचा भार सैनिकाकडून सरकारकडे गेला. त्या फर्मानाचा अर्थ लावताना १९४७ साली मिलर प्रकरणात न्यायमूर्ती डेनिंग यांनी रास्त शंका म्हणजे काय याची मांडणी केली. ती आजही जगभरच्या फौजदारी न्यायालयांत सांगितली जाते. फौजदारी कायद्यातला प्रत्येक विद्यार्थी ज्या निकालापासून शंकेची व्याख्या शिकतो, तो निकाल मुळात अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेलेल्या एका सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा होता. दीर्घ आजारात नेमके कारण सापडत नाही, हा अनुभव त्या काळच्या ब्रिटिश न्यायालयांनाही रोज येत होता, आणि म्हणून नियम सत्य शोधण्याऐवजी भार वाटण्याचा करावा लागला.

अमेरिकेने याच प्रश्नाला आणखी वेगळे उत्तर दिले. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी फौजांनी जंगले झडवण्यासाठी 'एजंट ऑरेंज'सारखी तणनाशके फवारली. त्यात डायॉक्सिन हे विषारी द्रव्य होते. परत आलेल्या सैनिकांना वर्षानुवर्षे सांगितले गेले की तुमच्या आजाराचा त्या फवारणीशी संबंध सिद्ध होत नाही. १९९१ च्या कायद्याने ही अट काढली. ज्याने त्या काळात व्हिएतनामच्या भूमीवर पाय ठेवला, त्याला यादीतला आजार झाला तर तो सेवेमुळेच झाला असे मानायचे ठरले. २००१ मध्ये टाइप-२ मधुमेह त्या यादीत आला. ऑगस्ट २०२२ मध्ये पॅक्ट कायद्याने उच्च रक्तदाबही आला, आणि इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराने होणारे श्वसनाचे आजार आणि कर्करोगही. म्हणजे जे दोन आजार भारतीय बोर्डाच्या कागदावर 'शारीरिक प्रकृतीचे' म्हणून नाकारले जातात, तेच अमेरिकेत लाखो माजी सैनिकांच्या बाबतीत सेवेशी संबंधाचा कुठलाही पुरावा न मागता मान्य होतात. तिथे विषारी रसायनाचा संपर्क होता आणि इथे प्रामुख्याने ताण, उंची आणि थंडी आहे, हा फरक खरा आहे. अमेरिकेलाही इथवर यायला अनेक दशके लागली, आणि त्या दशकांत असंख्य सैनिक दावा मान्य होण्यापूर्वीच गेले. पण एकदा यादी झाली की प्रत्येक सैनिकाला आपल्या शरीराचा खटला एकट्याने लढावा लागत नाही. वीस वर्षांच्या सेवेत अमुक वर्षे अतिउंचीवर किंवा बंडखोरीग्रस्त भागात काढली असतील, तर पुढे सापडलेला रक्तदाब सेवेशी जोडलेला मानायचा, मग तो पुण्यात सापडो की पठाणकोटात: इतका साधा नियम भारतातही करता येईल. नेमणुकांचा तक्ता सरकारकडे आधीपासूनच आहे.

त्याऐवजी सरकार अपिले करते. २०१४ च्या नोव्हेंबरात गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले. पुढच्या वर्षी त्यांनी मंत्रालयाचे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने २०१५ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात सैनिकांविरुद्धच्या अपिलांवर, विशेषतः अपंगत्वाच्या प्रकरणांतल्या अपिलांवर, कठोर शब्दांत बोट ठेवले. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे, त्याच मुद्द्यावर प्रत्येक सैनिकाला वर ओढत नेणे थांबवा, असा तिचा आशय होता. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयासमोर अशाच शेकडो याचिका एकत्र आल्या होत्या. त्या सरकारच्या होत्या, न्यायाधिकरणाने सैनिकांना दिलेल्या अपंगत्वाच्या लाभाविरुद्ध. न्यायालयाने त्या फेटाळल्या.

न्यायालयांचा सूर एकच आहे असेही नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत सैनिकाची मागणी नाकारली. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसू शकत नाही, त्यामुळे सुदृढतेचे गृहीतक प्रत्येक वेळी चालत नाही, असे त्यात म्हटले आहे. मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की कारणे न देणाऱ्या बोर्डाचे मत सैनिकाचा हक्क हिरावू शकत नाही. दोन निकाल शेजारी ठेवले तर कळते की फरक कारण लिहिण्या-न लिहिण्यात आहे. कारण लिहिले असेल तर ते तपासता येते, खोडता येते, मान्यही करता येते. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत प्रामाणिक डॉक्टरही दोन बाजूंना असू शकतात. सैनिकाला हरायचेच असेल, तर त्याला आपण का हरलो हे वाचता आले पाहिजे.

ही सगळी लढाई कोण लढू शकतो, याचाही विचार करावा लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात गेली आहेत. पहिल्या महायुद्धात ज्या गावच्या सेहेचाळीस जणांनी प्राण दिले, ते अपशिंगे गाव साताऱ्याचेच. अशा गावात परतलेला हवालदार पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, उघडून त्यात अपंगत्वाचा रकाना कोरा पाहतो. त्याच्या हातातला मेडिकल बोर्डाचा कागद इंग्रजीत असतो. त्यावर सहा महिन्यांत अपील करायचे असते. ते नाकारले की दुसरे अपील. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने आलेल्या या न्यायाधिकरणाचे एक पीठ मुंबईत आहे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करते. तरी पहिल्या अपिलाची मुदत अनेकांना ती संपल्यावरच कळते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट जवळपास बंद केली होती. गरीब सैनिकाला थेट दिल्ली गाठणे भाग पडले. ती वाट २०२३ मध्ये पुन्हा उघडली.

उशीर झाला की पैसेही जातात. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणातला सैनिक १९८३ मध्ये बोर्डआउट झाला होता आणि १९९९ मध्ये न्यायालयात आला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निवृत्तिवेतनाचा हक्क मान्य केला, कारण दर महिन्याला न मिळणारी रक्कम हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे; मात्र थकबाकी याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. हा निकाल तेव्हापासून असंख्य सैनिकांना लागू झाला आहे. ज्याला आपला हक्क आहे हेच वीस वर्षे माहीत नव्हते, त्याची सतरा वर्षे कोरी राहतात. सरकारचा शेरा चुकीचा होता हे सिद्ध होऊनही त्या चुकीचा बहुतांश खर्च सैनिकच सोसतो. निदान जिथे बोर्डाने कारणच लिहिले नव्हते, तिथे थकबाकी पहिल्या दिवसापासून द्यायला हवी. त्यासाठी न्यायालयाची वाट पाहण्याची गरज नाही; मंत्रालयाचा एक आदेश पुरे.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. आजार घेऊनही पूर्ण सेवा करणाऱ्यांच्या लाभाला आता 'इम्पेअरमेंट रिलीफ' हे वेगळे नाव दिले गेले आहे, आणि माजी सैनिकांनी या बदलांना हरकत घेतली आहे. नावे बदलत राहतील. पण आता ज्यांचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, ते जवान या साऱ्या वर्गवारीच्या बाहेर आहेत.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यातले जास्तीत जास्त एक चतुर्थांश पुढे कायम होणार आणि बाकीचे निवृत्तिवेतनाविना बाहेर पडणार. सेवेत असताना सेवेमुळे अपंगत्व आले, तर त्याला टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच मिळण्याची तरतूद आहे. ही रचना गोळी आणि अपघात डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. जो आजार मुरायला दहा वर्षे घेतो, तो चार वर्षांच्या कराराच्या शेवटच्या दिवशी कुठल्याच तपासणीत सापडणार नाही. नियमित सैनिकांसाठी जुन्या नियमांत निदान एक दार होते: सेवा सुटल्यावर सात वर्षांच्या आत उद्भवलेला आजार सेवेतच मूळ धरून होता असे वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य केले, तर तो सेवेशी जोडता येत असे. वयाच्या बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लडाखहून घरी परतलेल्या अग्निवीरालाही हे दार मिळाले पाहिजे. बाहेर पडतानाचा त्याचा वैद्यकीय अहवाल आणि नेमणुकांचा तक्ता त्याच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत दिला पाहिजे, आणि त्याच्या दाव्यालाही सिद्धतेचा भार सरकारवर ठेवणारा १९८२ चा नियम लागू झाला पाहिजे. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे पुरी होण्याआधी हे लिखित स्वरूपात येणे आवश्यक आहे. नंतर आले तर पहिल्या काही हजार मुलांना पुन्हा न्यायाधिकरणापासूनच सुरुवात करावी लागेल.